देवळीतल्या गुंजा

माझ्या धाकट्या बहिणीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. त्यात माझा वाटा किती, हे मात्र घरात कधी कोणी बोललं नाही आणि मीही इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसले. आता माय नाही, बा नाही. आता बोलायला हरकत नाही.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्यानं तराजू उचलला की मी भाजीकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे पाहते. सून फोनवर हळू बोलली की वाटतं, माझ्याबद्दलच चाललंय. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. तो हसून म्हणायचा, पण मला हसू येत नसे. ती नोकरी मी नवव्या वर्षीच करून बसले होते, घरातल्या घरात.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, एसटीच्या रस्त्यापासून कोसभर आत. बा हंगामात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला जायचा, हंगाम सरला की मिळेल ते काम. चौथी शिकलेला होता. वस्तीत पेपर वाचून दाखवणारा तो एकटाच, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला तो वस्तीतल्या आठ-दहा जणांबरोबर नागपूरला गेला आणि धर्म घेऊन आला. गेला तेव्हा मान खाली घालून चालायचा, आला तो ताठ होऊन. त्यानंतर त्याला वाकलेलं मी फार कमी वेळा पाहिलं.

आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते देवळी रिकामी करण्याचं. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. आमची देवळी दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीत होती, हातभर रुंद, जमिनीपासून फार वर नाही. तिच्यात घरचे देव असायचे, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले टाक. वस्तीतल्या सगळ्यांनीच आपापले देव फडक्यात बांधून वर्धा नदीत सोडायचे ठरले होते. बानं फडकं पसरून टाक मोजले तर सहा भरले. पाहिजे होते सात. सटवाईचा टाक त्यात नव्हता.

सटवाई म्हणजे बाळाच्या पाचव्या दिवशी येऊन त्याच्या कपाळी लिहून जाते ती देवी. बायांचा देव. त्यामुळे बाचा संशय मायवर गेला, आणि गेला तो कायमचा. माय म्हणाली, मी हात लावला नाही. बानं उतरंडीची मडकी खाली काढली, कोठीत हात घालून पाहिला, मायची पत्र्याची पेटीही उपसली. टाक मिळाला नाही. तो सहा देव घेऊन नदीवर गेला आणि वस्तीला सांगितलं, सगळे सोडले. खोटं बोलावं लागलं याचा राग त्याला मायवर जास्त होता. कोणाच्या घरात देव लपवलेत का हे पाहायला वस्तीतली पोरं त्याच्याच पुढारपणाखाली घरोघर फिरत होती. त्याच्याच घरात देवी निघाली असती तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

एक दिवस त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू हुशार आहेस, माझ्यासारखी आहेस. घरात काय चालतं त्यावर लक्ष ठेव आणि मला सांगत जा. मायला यातलं काही बोलू नको. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बा माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी पायातले चाळ काढून ठेवले. मायला सांगितलं, टोचतात.

धाकटी झाली ती धर्म घेतल्यावर सव्वा वर्षानं, थंडीत. दिवस भरले नव्हते. सातवा नुकता लागून गेला होता. माय तुरीच्या शेतात होती, पोट दुखायला लागलं म्हणून घरी आली आणि संध्याकाळच्या आत मोकळी झाली. सुईण आली तेव्हा पोर बाहेर आलेलीच होती. एवढीशी. बाच्या एका तळहातावर मावली. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या, पापण्या मिटलेल्या, रडणं म्हणजे मांजराच्या पिलाचं. सुईण म्हणाली, जीव लावू नका.

बा त्याच पावली निघून गेला आणि रात्र पडायच्या आत सदऱ्याच्या पोटात रुई भरून आला. पिंजलेली, सरकी काढलेली स्वच्छ रुई. मागून आणली की न विचारता, देव जाणे. देव जाणे म्हणायची सोय आमच्या घरात राहिली नव्हती, पण मी तेव्हाही मनात तसंच म्हणाले. त्या रुईत पोरीला गुंडाळून सुपात ठेवलं, सुपाजवळ शेगडी. माय कापसाच्या वातीनं दुधाचा थेंब थेंब तिच्या ओठात सोडायची. असे दोन महिने. जी जगणार नाही म्हणत होते ती जगली.

पाचव्या दिवशी सुईण पाट, कोरा कागद आणि लेखणी घेऊन आली होती. सटवाईला लिहायला सामान ठेवायचं असतं. बानं तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ती जाताना अंगणात उभी राहून म्हणाली, पाचवी पुजली नाही, पाहा बाप्पा, अर्धी पोर आहे, देवीनं काही राखून ठेवलं तर मला बोल लावू नका. हे वस्तीतल्या चार बायांनी ऐकलं. आमच्या घरात पाचवी पुजली गेली नाही ती नाहीच, संशय मात्र पाचवीलाच पुजला गेला.

धाकटी वर्षाची झाली तेव्हा तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसायला लागला. लोक तिरळी म्हणायला लागले. कोणी म्हणालं, शेगडी एकाच बाजूला होती, तिकडेच पाहून पाहून पोर तिरळी झाली. कोणी म्हणालं, वाढेल तसं जाईल. सुईण काही म्हणाली नाही, नुसती मान हलवत राहायची. मला त्या मान हलवण्याचा फार राग यायचा. बालाही यायचा. तो म्हणायचा, तिरळं असणं म्हणजे काही रोग नाही, दिसतं ना तिला, मग झालं.

दिसतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. का धरणार नाही? पोर घरभर फिरायची, विहिरीपर्यंत मायच्या मागे जायची, कोणी आलं की नेमकी ओळखायची. मामा, पाणी देऊ? मावशी, बसा. चुणचुणीत पोरगी म्हणून लोक कौतुक करायचे. फक्त कधी कधी ती उगाचच उद्धट वाटायची. रस्त्यात समोरून ओळखीचं माणूस यावं आणि हिनं त्याच्याकडे ढुंकून पाहू नये. मी दोनदा तिला त्यावरून चापट मारली आहे. मला वाटायचं, मायनं लाडावून ठेवली.

माझं लक्ष ठेवणं चालूच होतं, आणि लक्ष ठेवणाऱ्याला काही ना काही दिसतंच. माय बदलली होती. घरात कोणी पाऊल टाकलं की ती मोठ्यानं बोलायची, या मामा, या काकू, आज इकडं कसं काय. आधी ती असं बोलायची नाही. आमची माय हळू बोलणारी. मी विचार केला, ही आत कोणाला तरी इशारा देते. आत दुसरं कोण होतं? धाकटीच. म्हणजे धाकटी आत काहीतरी करत असते आणि कोणी आलं की मायच्या आवाजानं ते झाकते.

दुसरं म्हणजे, माय घरातली एकही वस्तू हलवू द्यायची नाही. मी पाण्याचा घडा चुलीच्या डाव्या अंगाला ठेवला तर ती माझ्यावर वस्कन ओरडली. घड्यासाठी? जात्याला उजवीकडे सरकवलं म्हणून दिवसभर अबोला. मला खात्री झाली की कुठल्या तरी वस्तूखाली काहीतरी आहे. मी जातं उचलून पाहिलं. खाली पीठ आणि मुंग्या. तरी माझा संशय गेला नाही, उलट वाढला. वाटलं, जागा बदलली असेल.

आणि तिसरं, देवळी.

बासष्ट सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट असेल. धाकटी पाचव्यात होती. सकाळी ऊन दारातून आत येऊन नेमकं देवळीत पडायचं, तेवढ्या वेळात धाकटी देवळीसमोर उभी असायची. देवळीत तोंड घालून. अगदी आत, कपाळ भिंतीला टेकेल इतकं. ओठ हलत असायचे. देवळी तर रिकामी होती, आम्ही तिच्यात फार तर चिमणी आणि काडेपेटी ठेवायचो. मी दोन-तीन दिवस लांबून पाहिलं. एक दिवस दाराशी उभी राहून पाहिलं तर देवळीच्या तळाशी लाल काहीतरी मांडलेलं. शेंदूर लावलेले खडे असतात ना, तसं. मी चोरपावलानं आत गेले. मी जवळ पोचायच्या आत तिनं मूठ आवळली आणि गप्प झाली.

इथं मी थांबते, कारण सगळी गोष्ट या जागी आहे. मी दोन पावलं पुढं जाऊन देवळीत वाकून पाहायला पाहिजे होतं. तिची मूठ उघडायला लावायला पाहिजे होती. किंवा नुसतं विचारायचं, काय करतेस गं? पाच वर्षांची पोर, तिनं सांगितलं असतं. पण मला विचारायचं नव्हतंच. मला सापडलं होतं. पाच-सहा वर्षं पाळत ठेवल्याचं फळ हाती आलं होतं आणि ते मला बाला नेऊन द्यायचं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बा अंगणात दाढी करत बसला होता. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, माय धाकटीला देवळीत पाया पडायला शिकवते.

बानं अर्ध्या दाढीवरचा साबण तसाच ठेवला आणि आत आला. देवळीत गुंजा होत्या. शेताच्या बांधावरच्या वेलीला येतात त्या, लाल, टोकाला काळ्या. एका ओळीत मांडलेल्या. माणूस संशयात असला की त्याला गुंजेतही देवी दिसते. तो म्हणाला, गुंजा देवीला वाहतात. मला आजपर्यंत माहीत नाही कुठल्या देवीला. माय विहिरीवरून आली तेव्हा त्यानं तिला काही विचारलं नाही. दोन पाट्या माती आणली, शेण घातलं, पाय देऊन मळली आणि गुंजांसकट ती देवळी लिंपून टाकली. वरून भिंत सारवून घेतली, मायकडूनच. धाकटी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मायनं भिंत सारवली, हात धुतले, आणि त्यानंतर ती बाशी कामापुरतंच बोलायला लागली.

मी खूश होते. खोटं कशाला सांगू?

सातव्या टाकाचं मात्र सांगून टाकते. तो सापडला मी लग्न होऊन गेल्यावर. थोरल्या काकांच्या घरी. भाऊ वेगळे झाले तेव्हा, म्हणजे धर्म घ्यायच्या कितीतरी आधी, आजीनं तो त्यांच्या बायकोला दिला होता, तिला मूल होत नव्हतं म्हणून. बाला ते माहीतच नव्हतं. मायनं खरंच हात लावलेला नव्हता.

देवळी गेल्यावर धाकटी सैरभैर झाली. सकाळच्या उन्हात अंगणात बसायची, पण अंगणात कोंबड्या, येणारे-जाणारे. मग ती चुलीपाशी जाऊन बसायला लागली. जाळाच्या अगदी जवळ. मायनं उठवली की पुन्हा जायची. असं वर्षभर चाललं. मी तेही पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता हिला अग्नीची पूजा शिकवते की काय.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी माय पाणी आणायला गेली होती. मी तांदूळ निवडत होते. धाकटी चुलीपाशी. हातात कागदाचा तुकडा होता, बाच्या जुन्या पेपरातला, तो तिनं डोळ्याला लावला होता आणि डोळा जाळाला. कागदानं पेट घेतला, तिथून केसांनी. ती ओरडली नाही. आधी मला जळक्या केसांचा वास आला. मी सूप टाकून धावले, लुगड्याचा बोळा तिच्या डोक्यावर दाबला. केस गेले, भुवई गेली, कपाळाला फोड आले. डोळे वाचले. म्हणजे जेवढे होते तेवढे.

बा बाहेरून धावत आला, मागोमाग माय. घडा तिच्या हातून दारातच पडून फुटला. बा सुटलाच तिच्यावर. पोरीला आगीजवळ एकटी सोडतेस, आणखी काय काय शिकवून ठेवलंयस तिला, देवळी बुजवली तर चूल धरलीस का. माय खाली बसून पोरीच्या कपाळावर ओला पदर ठेवत होती. तिनं मान वर केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बाला मधेच तोडून बोलली.

"तिले दिसत नाही," ती म्हणाली. "हाताएवढ्या अंतरावरचं दिसते, ते बी उजेडात. बाकी सारं धुरावानी. मले तीन वर्सापासून ठावं हाय."

बाला कळलंच नाही. तो म्हणाला, दिसत कसं नाही, ती माणसं ओळखते.

"आवाजानं वळखते. मी मोठ्यानं नाव घेतो मानसाचं, मंग ती बोलते. पावलावरून वळखते. मीच शिकवलं. घडा कुठं, जातं कुठं, सारं पाठ करून घेतलं तिच्याकडून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" बाचा आवाज पार खाली आला होता.

तेव्हा मायनं मान वर केली. ते वाक्य मी जसंच्या तसं सांगू शकते, कारण त्यानंतर मी ते रोज ऐकलं आहे. "सांगतलं असतं त वस्ती काय म्हनली असती? देव बुडवले, पाचवी पुजली नाही, सटवाईनं डोळे नेले. चार घरं त वाटच पाहून राह्यली व्हती पुन्ना देव मांडाची. तुमचा धरम माह्या पोरीच्या डोळ्यापाई मोडू द्याचा व्हता का?"

फुटलेल्या घड्याचं पाणी वाहत येऊन बाच्या पायांखाली गेलं, तो तसाच उभा होता. ज्या बाईवर त्यानं सात वर्षं संशय घेतला, तीच त्याचा धर्म पदराखाली घेऊन बसली होती, पोरीच्या डोळ्यांवर पाणी सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग माय आणखी एक बोलली, हळू, जणू स्वतःशी. ती म्हणाली की मागल्या साली राळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांचा कॅम्प लागला होता, तेव्हा तिनं ठरवलं होतं की काही होवो, आता यांना सांगायचं. त्याच आठवड्यात देवळी लिंपली गेली. मग तिला वाटलं, आता सांगितलं तर हे म्हणतील, देवीचंच नाव काढायला बहाणा शोधला.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

फोड वाळल्यावर बा धाकटीला घेऊन यवतमाळला निघाला. मला सोबत घेतलं, तिचा हात धरायला. राळेगावाहून एसटी. बसमध्ये बा पूर्ण वेळ दांडा धरून उभा राहिला, जागा होती तरी. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले, तासभर बसवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन बारीक बत्तीच्या उजेडात किती तरी वेळ पाहिलं. मी दारात उभी राहून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते. तिथंही संशयच. वाटत होतं, हे काहीतरी लपवणार.

त्यांनी बाला विचारलं, मुलगी किती महिन्यांची जन्मली. बा म्हणाला, सात. डॉक्टरांनी मान हलवली, पण ती सुईणीसारखी नव्हती. ते म्हणाले, पोटात मुलाचा डोळा अगदी शेवटच्या महिन्यांत पुरा होतो. वेळेआधी बाहेर आलेल्या मुलांचा डोळा कधी कधी कच्चा राहतो, आतला पडदा नीट पसरत नाही, कोणाला मोठा नंबर लागतो, कोणाचा डोळा तिरळा होतो. हिला तिन्ही थोडं थोडं झालंय. उजव्याला जाड चष्मा दिला की ती वाचू-लिहू शकेल. डावा वळलेला राहिला, मेंदूनं त्याच्याकडून काम घेणं सोडलं. तो आता पाहायचं विसरलाय.

बानं विचारलं, त्याचं काही होऊ शकेल का. डॉक्टर म्हणाले, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला कामाला लावून पाहू, पण उशीर झालाय. वर्ष-दोन वर्षं आधी आणली असती तर आशा होती.

वर्ष-दोन वर्षं. मी बोटांवर हिशेब केला. देवळी लिंपली त्याला एक वर्ष आणि दीड महिना झाला होता. एवढा माझा वाटा. बाकीचा कोणाचा कोणी घ्यावा, मला ठाऊक नाही.

निघताना बा घुटमळला. मला म्हणाला, धाकटीला घेऊन पुढं हो. मी पुढं झाले आणि दाराआड थांबले. सवय. आत बा डॉक्टरांच्या टेबलावर ओणवा होऊन अगदी हळू विचारत होता, "साहेब, देवी-बिवीचं त काही नसंल ना?"

ज्यानं नदीत देव सोडले, सुईणीला उंबऱ्यातून परत पाठवलं, वस्तीतल्या घराघरांत देव शोधले, तो माझा बाप विचारत होता. म्हणजे मायवर घेतलेल्या संशयाच्या मागं त्याच्याही पोटात ती भीती होतीच, पहिल्या दिवसापासून. चोराच्या मनात चांदणं. पण मला त्याचा राग आला नाही. मला त्याची इतकी दया आली की मी दाराआड रडले. डॉक्टर म्हणाले, नाही हो, काही नाही, घाईनं जन्मली एवढंच. बानं त्यांच्यापुढं हात जोडले.

तीन महिने पट्टी बांधली. चांगला डोळा झाकला की धाकटी ओसरीत भिंतीला पाठ लावून बसून राहायची आणि म्हणायची, सोडा ना, सोडा ना. डावा डोळा काही जागा झाला नाही. चष्मा आला. सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढी जाड काच, कानामागं दोऱ्यानं बांधलेली. तो लावून ती शाळेत जायला लागली आणि पहिल्याच वर्षी वर्गात पहिली आली. पुढं मास्तरीण झाली, तीस वर्षं शिकवलं, एका डोळ्यावर.

चष्मा आला त्या दिवशी बानं खुरपं घेऊन देवळी उकरली. वाळलेल्या मातीबरोबर गुंजा खाली पडल्या. त्या त्यानं एक एक वेचून धुतल्या आणि देवळीत परत ठेवल्या, शेजारी लिहायची नवी पाटी. पुढच्या पौर्णिमेला वस्ती वंदनेला जमली तेव्हा तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, पोरीचे डोळे वेळेआधी जन्मल्यानं अधू झाले, कुठल्याही देवीनं नेले नाहीत. आणि एक डोळा जो गेला तो माझ्या संशयानं गेला. माझी बायको माझ्यापेक्षा पक्की निघाली. माय बायांमध्ये मागं बसली होती, तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मी वाट पाहत होते की तो सांगेल, चुगली कोणी केली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंत नाही. त्यानं घेतलं असतं तर मी मोकळी झाले असते.

गेल्या वर्षी मी धाकटीकडे आठ दिवस राहायला गेले होते. ती आता साठी ओलांडून पुढं गेलेली. उजवा डोळाही अधू होत चाललाय, डॉक्टर म्हणतात आतला पडदा पातळ आहे, जपा. मला वाटलं, हिला पुरतं दिसेनासं व्हायच्या आत हिच्या तोंडासमोर बोलावं. दुपारी जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं. चाळ काढून ठेवले तिथपासून, बाच्या कानाशी काय बोलले तिथपर्यंत. ती सुपारी कातरत ऐकत होती. कातरणं थांबलं नाही.

मग म्हणाली, "मले ठावं व्हतं ना, ताई."

मी विचारलं, कसं काय. ती म्हणाली, त्या गुंजा म्हणजे माणसं होती. माय तिला रोज धडा द्यायची आणि ती सकाळच्या उन्हात देवळीत एकेक गुंज समोर ठेवून तो पाठ करायची. ज्याची वहाण फरफटते तो बा. आधी खोकला, मग पाऊल, तो मामा. जिच्या बांगड्या वाजतात ती काकू. म्हणून ओठ हलायचे. प्रत्येकाची एक गुंज.

मी म्हणाले, आणि माझी?

"तुही मुठीत राहे," ती म्हणाली. "तुही काही खूणच नव्हती. मायले इचारलं त ते म्हने, तूच शोध. मंग मी शोधली. आवाज येत नाही, नुस्ता उजेड जाते, ते ताई. त्या दिशी बी आधी उजेड गेला, मंग बा आला."

तिनं सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. मी दाराकडे पाठ करून तिच्यासमोर बसले होते. मी उठले आणि तिच्या बाजूला जाऊन बसले.